पट एक, घराणी अनेक

बुद्धिबळाविषयी आपल्या समाजात दोन समजुती दृढ झालेल्या आहेत. हा खेळ मूळचा आपला, ही पहिली. आणि या खेळातील खरे पराक्रमी पुरुष तेवढे परदेशी, ही दुसरी. पहिलीचा आपण अभिमान बाळगतो, दुसरीची खंत करतो, आणि या दोहोंच्या मधला शतकानुशतकांचा इतिहास मात्र मोकळा सोडून देतो. बाणभट्टाच्या काळापासून एकदम विश्वनाथन आनंदपर्यंत उडी घ्यावयाची, आणि वाटेत कोणी उभेच नव्हते असे धरून चालावयाचे, ही रीत इतिहासाला शोभणारी नव्हे. वाटेत पुष्कळ माणसे उभी होती. त्यांतील काही आपल्या भाषेची, काही आपल्या प्रांताची होती. त्यांच्या खेळण्याची तऱ्हा काय होती, ती कोठून आली आणि ती आज आपणांस इतकी थोडी का ठाऊक आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

संगीतात आपण घराणे म्हणतो तेव्हा केवळ आवाजाचा गुण आपल्या मनात नसतो. गुरूची तालीम, रागाकडे पाहण्याची दृष्टी, कोणत्या स्वरावर किती वेळ थांबावे याची शिस्त, हे सारे त्या एका शब्दात येते. बुद्धिबळातही असेच आहे. चौसष्ट घरे सर्वांना सारखीच, मोहरीही सारखीच; तरी एकाचा डाव दुसऱ्याच्या डावासारखा होत नाही. हे वेगळेपण केवळ खेळणाऱ्याच्या स्वभावातून येते असे सामान्यतः मानले जाते. परंतु इतिहास जरा बारकाईने पाहिला म्हणजे असे दिसते की स्वभावाइतकाच वाटा नियमांचा असतो आणि नियमांइतकाच संगतीचा.

प्रथम प्राचीनांकडे वळू. सातव्या शतकात बाणाने ‘हर्षचरिता’त श्लेषाने या खेळाचा उल्लेख केला आहे, राज्यात शांतता इतकी की चतुरंग सैन्याची मांडणी काय ती पटावरच उरली, असा त्याचा भाव. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने आपल्या ‘काव्यालंकारा’त तुरगपद, म्हणजे घोड्याच्या चालीने घरामागून घर गाठण्याचा बंध, काव्यात गुंफला. पुढे श्रीवैष्णव आचार्य वेदान्तदेशिक यांनी ‘पादुकासहस्रा’त श्रीरंगनाथाच्या पादुकांची स्तुती करिताना हाच चतुरंगतुरंगबंध योजिला. घोड्याची अडीच घरांची वाट भगवंताच्या स्तोत्रापर्यंत पोहोचली, ही गोष्ट देवस्थानाशी नाते असलेल्या वाचकांस सांगण्यासारखी आहे. तमिळनाडूत तिरुप्पूवनूर येथे शिवाचे चतुरंगवल्लभनाथ या नावाचे देवालय आहे. राजकन्येशी बुद्धिबळ खेळून देवाने तिला जिंकले अशी तेथील स्थलकथा. द्यूताचा आपल्या धर्मग्रंथांनी निषेध केला. परंतु फासा टाकून दिल्यावर जे उरते त्या बुद्धीच्या खेळाशी देवाचे वैर नव्हते, असेच यावरून म्हणावे लागेल.

महाराष्ट्राचा संबंध यापुढे अधिक जवळचा होतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचिलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये या खेळाला स्थान दिले आहे. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठभट्टांनी आपल्या ‘भगवंतभास्कर’ या विशाल ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ नामक भागात बुद्धिबळाचे नियम सांगितले. हे नीलकंठभट्ट म्हणजे मूळच्या पैठणच्या भट्टकुळातले. ज्या नारायणभट्टांचे नाव काशीविश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्निर्माणाशी जोडले जाते त्यांचे नातू. आणि ज्यांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा प्रमाणग्रंथ म्हणून न्यायालयांनी मानला तेच. श्राद्ध, व्रत, दान आणि दायभाग यांचा निर्णय देणाऱ्या धर्मशास्त्रज्ञाला वजिराची आणि उंटाची चाल लिहून ठेवावीशी वाटली, यात त्या काळी या खेळाला असलेल्या प्रतिष्ठेची साक्ष आहे.

आता देशी खेळाच्या नियमांकडे पाहू. प्रांतोप्रांती त्यांत भेद होते, परंतु मुख्य मुख्य गोष्टी पुष्कळ ठिकाणी सारख्या आढळत. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. आजच्या खेळात राजा आणि हत्ती मिळून जो किल्लेकोट होतो, तो नव्हता. त्याऐवजी राजाला, जोवर शह बसलेला नाही तोवर, एकदाच घोड्याची उडी मारण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले म्हणजे हवे ते मोहरे मागता येत नसे. ज्या घरी ते पोहोचले त्या घरचे मोहरे त्याला मिळे. हत्तीच्या पट्टीतले प्यादे हत्ती होई, घोड्याच्या पट्टीतले घोडा. आणि प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारून राजा एकटाच उरला तर तो पूर्ण विजय समजला जात नसे. डाव बरोबरीत धरीत किंवा विजयाचे मोल कमी मानीत. याच्या उलट, प्याद्याने केलेली मात ही सर्वांत मानाची. ‘प्यादेमात’ हा शब्द आपल्या भाषेत अजून आहे, पण त्यातला मान आता बहुतेकांच्या ध्यानी येत नाही.

या नियमांनी कोणती तऱ्हा घडली असेल याची कल्पना करणे कठीण नाही. प्यादी एकेक घर सरकत असल्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडे. डावाच्या आरंभी घाई करून काही मिळत नसे. मोहरी मागे राहून आपापली जागा शोधीत. उंटाला बाजूच्या प्याद्याआड बसवून लांबच्या कर्णावर नजर ठेवावयाची, मध्यभाग एकदम न व्यापता दुरून धाकात ठेवावयाचा, ही रीत त्यामुळे सहज उत्पन्न झाली. डावाच्या अखेरीस तर हिशेब फारच सूक्ष्म होई. कोणत्या पट्टीतले प्यादे जगवावे, हा प्रश्न आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होता. कारण उंटाच्या पट्टीतल्या प्याद्यापासून वजीर मिळण्याची आशा नव्हती. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे मोहरे स्वतःच जपावे लागे. ते मारले की विजय अपुरा. समोरच्याला निःशेष करण्यात नव्हे तर त्याच्याजवळ काही उरलेले असताना त्याला हतबल करण्यात पुरुषार्थ आहे, असे हा नियम सांगत होता. शत्रूचा सर्वनाश हे ध्येय नव्हे, ही शिकवण अशा रीतीने ओसरीवरच्या पटावर रोज गिरविली जात होती.

या विद्येचा एक मोठा जाणकार पेशवाईच्या अखेरच्या पर्वात होऊन गेला. त्रिवेंगडाचार्य शास्त्री हे त्याचे नाव. नावावरूनच तिरुपतीच्या वेंकटेशाशी असलेले नाते दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, १८१४ साली, त्यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईस छापले गेले. त्यात अमुक स्थितीत अमुक चालींत मात कशी करावी असे कूटप्रश्न आहेत. विशेष हे की हे प्रश्न युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून दिलेले आहेत. मराठी राज्य मोडण्यास अजून चार वर्षे होती. पण हा संस्कृतज्ञ शास्त्री परक्या नियमांची नीट पारख करून, आपल्या भाषेत व आपल्या पद्धतीने त्यांवर विचार करीत होता. जुने पंडित नव्याला घाबरत होते असे जे सरसकट बोलले जाते त्याला हा ग्रंथ एक चांगला अपवाद आहे.

दमणगंगेच्या काठी बसून हा इतिहास वाचताना आणखी एक धागा मनात येतो. आपला हा नगर हवेलीचा मुलूख मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७७९ च्या तहाच्या अनुषंगाने. १७८३ साली नगर हवेली आणि १७८५ साली दादरा त्यांच्या हाती आले. ज्या पोर्तुगिजांचे राज्य येथे पावणेदोनशे वर्षे चालले त्यांच्या देशातही या खेळाचा एक जुना शास्त्री झाला होता. पेद्रू दामियानू हा ओदेमिरा गावचा औषधविक्या. त्याचा बुद्धिबळावरचा ग्रंथ १५१२ साली रोम येथे प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. वजिराला आणि उंटाला आजची लांब चाल मिळून त्या वेळी फार वर्षे झाली नव्हती. मंद खेळ एकाएकी वेगवान झाला होता आणि नव्या शस्त्रांचा उपयोग लोकांस कोणी तरी समजावून देणे आवश्यक होते. ते काम दामियानूने केले. दैवाचा खेळ असा की ज्या बचावाचा त्याने स्वतः धिक्कार केला, त्याच बचावाला पुढच्या लोकांनी त्याचे नाव चिकटविले. ग्रंथकाराचे नाव टिकते, पण ते कशाला चिकटून टिकेल हे त्याच्या हाती नसते.

पुस्तक लिहिणाऱ्यांची नावे राहिली. पण नुसते खेळणाऱ्यांचे काय? याचे उत्तर बंगालच्या महेशचंद्र बंदोपाध्यायांच्या चरित्रात सापडते. १८४८ च्या सुमारास जॉन कॉक्रेन नावाच्या कलकत्त्यातील एका निष्णात स्कॉटिश बॅरिस्टराची या खेड्यातल्या ब्राह्मणाशी गाठ पडली. पुढे दोघांचे शेकडो डाव झाले. महेशचंद्र युरोपीय नियमांनी खेळत, पण तऱ्हा देशीच ठेवीत: प्यादी एकेक घर, उंट बाजूच्या कर्णावर, मध्यभाग प्रतिपक्षाला देऊन मग त्यावर मारा. १८५५ साली त्यांनी खेळलेली एक सुरुवात सुमारे सात दशकांनी, १९२२ साली, ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डच्या नावाने प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निम्झोविच, रेटी आदी युरोपीय खेळाडूंनी ‘मध्यभाग दुरून ताब्यात ठेवावा’ असा नवा सिद्धान्त मांडला तेव्हा युरोपात मोठी खळबळ उडाली. त्या कुळातल्या सुरुवातींना ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव मिळाले, ते या जुन्या भारतीय खेळाची आठवण म्हणून. म्हणजे ज्याला एके काळी खेडवळ खेळ म्हटले असते तोच पुढे आधुनिक ठरला. महेशचंद्रांचे डाव आपणांस माहीत आहेत याचे कारण एकच: कॉक्रेनने ते लिहून ठेविले. त्यांच्या तोडीचे आणखी किती जण पुण्यास, साताऱ्यास, तंजावरास होऊन गेले असतील! त्यांच्या समोर कॉक्रेन बसला नव्हता, आणि स्वतःचा डाव लिहून ठेवण्याची आपल्याकडे चाल नव्हती.

देशी घराण्याची सर्वांत मोठी कसोटी मीर सुलतान खान याच्या रूपाने झाली. पंजाबातील हा मनुष्य सर उमर हयात खान यांच्या पदरी होता. देशी नियमांत वाढला, युरोपीय नियम वयाच्या विशीनंतर शिकला. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, इंग्लंडात जाऊन ब्रिटिश विजेतेपद पटकाविले आणि १९३२ व १९३३ साली पुन्हा जिंकले. इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर तो खेळला. हेस्टिंग्जच्या १९३०–३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरविले. पुस्तके वाचून सुरुवाती पाठ केलेल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर डावाच्या आरंभी तो पुष्कळदा अडचणीत येई. पण एकदा मोहरी कमी झाली, वाट अरुंद झाली, आणि एकेका घराचा हिशेब सुरू झाला की त्याच्यापुढे भले भले टिकत नसत. कापाब्लांकाविरुद्धच्या त्या डावात कोठे विजेचा लखलखाट नाही. हळूहळू आवळत गेलेली मूठ आहे. प्रतिस्पर्ध्याला एकदम न मारता त्याला हालचाल करता येऊ नये असे करणे, ही ओसरीवर शिकलेली विद्या तेथे युरोपच्या पटावर उतरली होती. काही वर्षांतच धन्याबरोबर तो मायदेशी परतला, त्याचे स्पर्धांतले जीवन तेथेच संपले, आणि १९६६ साली पाकिस्तानात त्याचा अंत झाला. जागतिक महासंघाने त्याला ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

जगाच्या इतर विजेत्यांकडे पाहिले म्हणजेही शैलीच्या मुळाशी असलेला हाच त्रिवेणी संगम दिसतो. अमेरिकेचा पॉल मॉर्फी १८५८ साली युरोपात आला आणि त्याने दाखवून दिले की मोहरी आधी बाहेर काढणारा, प्याद्यांचा लोभ धरणाऱ्यावर मात करितो. १८८६ साली पहिला अधिकृत जगज्जेता झालेला श्टाइनिट्झ प्रथम हल्ल्याचा भोक्ता होता. पण पुढे त्याने शास्त्र मांडले की लहान लहान लाभ साठवावे आणि पाया भक्कम झाल्यावाचून हल्ला करू नये. त्याला १८९४ साली हरविणारा लास्कर गणिती आणि तत्त्वचिंतक; त्याने समोरच्या माणसाला वाचले आणि सत्तावीस वर्षे पद सांभाळले. क्यूबाचा कापाब्लांका म्हणजे स्वच्छ, अलंकारहीन गद्य. रशियाचा अलेखिन म्हणजे कल्पनेच्या भराऱ्या घेणारे काव्य. १९४८ साली विजेता झालेला बोत्विन्निक इंजिनिअर होता, आणि त्याच्या तयारीत इंजिनिअराची शिस्त होती. १९६० साली त्याला हरविणारा रिगाचा ताल अवघा तेवीस वर्षांचा. मोहऱ्यामागून मोहरे होमात टाकावे आणि अग्नी पेटला की प्रतिपक्षाने काय करावे याचा विचार त्याच्यावर सोडावा, ही त्याची पद्धत. १९६३ पासून सहा वर्षे पद राखणारा आर्मेनियन पेत्रोस्यान याच्या उलट. शत्रूच्या मनात बेत येण्यापूर्वीच तो बेत अशक्य करून ठेवण्यात त्याचे सारे कौशल्य. आमच्या जुन्या ओसरीवरच्या खेळाडूने ताल पाहिला असता तर तोंडात बोट घातले असते. पण पेत्रोस्यान पाहिला असता तर त्याला आपल्याच पंगतीला बसविले असते असे मला वाटते.

आता महाराष्ट्रातल्या गादीकडे येऊ. ही गादी सांगलीची. पटवर्धनांच्या गणपतीचे हे गाव नाटकाचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध आहे, तसेच ते बुद्धिबळाचेही आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात व्ही. के. खाडिलकर यांनी इंग्लंडपर्यंत जाऊन तेथील खेळाडूंशी सामना दिला होता. पण गावाला परंपरेचे रूप दिले ते भाऊसाहेब पडसलगीकर यांनी. १९४१ साली स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे त्यांनी मुलांना आणि मुलींनाही पटावर बसविले, स्पर्धा भरविल्या, आणि त्या वर्षानुवर्षे चालू ठेविल्या. संगीताचे घराणे जसे एखाद्या गायकाच्या गळ्यापेक्षा त्याच्या शिष्यपरंपरेने ओळखले जाते, तसे सांगलीचे नाव कोणा एका विजेत्यामुळे झाले नाही. पंचवीस-तीस मैलांच्या परिसरातली मुले जेथे ठरल्या दिवशी जमतात, डाव लिहून घेतात, आणि हरल्यावर कोणी वडीलधारा त्यांना कोठे चुकले ते सांगतो, तेथे घराणे निर्माण होते.

देशाच्या पातळीवर हे काम उशिराच सुरू झाले. १९५१ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९५४ च्या २ ऑगस्टला आपले सिल्वासा परकीय सत्तेतून मुक्त झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि मुंबईचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. पहिल्याच विजेत्यांत एक मराठी नाव आहे याची आठवण फार थोड्यांना असेल. १९६१ साली दादरा नगर हवेली विधिपूर्वक भारतीय संघराज्यात सामील झाली. त्याच वर्षी मद्रासचे मॅन्युएल एरन हे भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. एरन यांच्या पिढीने एक अवघड काम केले. देशी नियम सोडून आंतरराष्ट्रीय नियमांचा सर्वत्र स्वीकार व्हावा, पुस्तके वाचावी, सुरुवातींचा अभ्यास करावा, यासाठी ही पिढी झटली. ते आवश्यकच होते. जगाशी खेळावयाचे तर जगाचे नियम पत्करावे लागतात. परंतु ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे देशी पटावर घालविली होती ते वृद्ध खेळाडू एकाएकी नवशिके ठरले, आणि त्यांच्याजवळची विद्या कोणी विचारून घेतली नाही, हेही तितकेच खरे.

नियमांनी शैली घडते तशी नियमांनी वाटही अडते. सांगलीच्या नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या घराण्यातील तीन बहिणी, ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या कन्या, या खेळात उतरल्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा थोरल्या वासंतीने जिंकली. जयश्री ही महिला आंतरराष्ट्रीय मास्टर होणारी पहिली भारतीय झाली. सर्वांत धाकटी रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली, आणि १९८१ साली हैदराबादेस एकही डाव न गमावता आशियाई विजेती ठरली. परंतु माझ्या मते तिच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा डाव पटाबाहेर झाला. १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास बसली. त्यावरून वाद उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते माक्स यूव्ह यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. पटावर बसल्यावर समोर कोण आहे हे मोहऱ्यांना कळत नाही. माणसांना ते कळते म्हणून भांडण होते. एका मराठी मुलीच्या निमित्ताने मिळालेला हा निवाडा साऱ्या जगाला लागू झाला.

त्या वाटेने पुढे पुष्कळ जणी आल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि १९९१ साली आशियाई विजेत्या झाल्या. अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी १९८५ व १९८७ साली आशियाई पद मिळविले. सांगलीच्या स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. गोव्याच्या भक्ती कुलकर्णी २०१६ साली आशियाई विजेत्या झाल्या. पुरुषांमध्ये १९८८ साली आनंद पहिला भारतीय ग्रँडमास्टर झाला, १९९१ साली दिव्येंदू बारुआ दुसरा, आणि १९९७ साली मुंबईचे प्रवीण ठिपसे तिसरे. पुण्याचे अभिजित कुंटे, नाशिकचा विदित गुजराथी, गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल ही नावे त्यानंतरची. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळविले. पहिल्यात विदित होता, दुसऱ्यात नागपूरची दिव्या देशमुख, आणि महिला संघाचे नेतृत्व कुंटे यांच्याकडे होते. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे याच दिव्याने अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. त्याच वर्षी खुल्या विश्वचषकाची स्पर्धा गोव्याच्या भूमीवर भरली.

आजच्या या मुलामुलींची शैली कोणती? यंत्राच्या साहाय्याने अभ्यास करणाऱ्या पिढीत सर्वजण एकसारखेच खेळतात असे पुष्कळ जण म्हणतात. ते सर्वस्वी खरे नाही. गुकेशने २०२४ साली वयाच्या अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळविले ते बरोबरीवर समाधान न मानता शेवटपर्यंत लढत राहण्याच्या वृत्तीने. दिव्याच्या खेळातही कठीण क्षणी गुंतागुंत पत्करण्याचे धैर्य दिसते. यंत्र सर्वांना तेच उत्तर देते. पण दोन तास विचार करून थकल्यावर कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवावा, हे अजून माणूसच ठरवितो. स्वभावाचा वाटा तेथे उरलेला आहे. संगतीचा वाटाही उरलेला आहे; कारण घरच्यांनी आणि गुरूंनी वेळ दिल्यावाचून यांपैकी एकही पुढे आला नाही. नाहीसा झाला तो तिसरा वाटा, निरनिराळ्या नियमांचा. सारे जग आता एकाच नियमाने खेळते.

याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. त्रिवेंगडाचार्यांनी नव्या नियमांना पाठ दाखविली नाही. आपणही दाखवू नये. परंतु जे गेले त्याची निदान नोंद असावी. त्रिवेंगडाचार्य उरले कारण त्यांनी लिहिले. महेशचंद्र उरले कारण समोरच्याने लिहिले. सुलतान खान उरला कारण स्पर्धेत डाव लिहिण्याचा नियम होता. ज्यांचे कोणीच लिहिले नाही त्यांच्या विद्येचे दोन-चार शब्द काय ते आपल्या बोलण्यात शिल्लक आहेत. शह, काटशह, मात, प्यादेमात. राजकारणाच्या बातम्यांत आपण ते रोज वाचतो आणि ते कोणत्या ओसरीवरून आले हे विसरतो.

देवस्थानांच्या आवारात, उत्सवाच्या निमित्ताने, चातुर्मासातल्या दीर्घ दुपारी हा खेळ आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या खेळला गेला. ज्यांनी आपल्या आजोबांकडून देशी नियम ऐकले आहेत असे वृद्ध गृहस्थ व भगिनी मराठी व कोंकणी घरांत आजही असतील. राजाची उडी त्यांच्या गावी कशी घेत, एकट्या राजाला काय म्हणत, प्यादेमातीला किती मान होता, हे त्यांना विचारून घरातल्या मुलांनी वहीत उतरवून घ्यावे. देवळाची पोथी जशी आपण फडक्यात बांधून ठेवितो तशी ही वहीही ठेवावी. त्यासाठी ग्रँडमास्टर व्हावे लागत नाही. समोरच्याचे शेवटचे मोहरे जपणाऱ्या त्या जुन्या खेळाडूंचे आपण वारस आहोत एवढी जाणीव पुरे आहे.